टाकी ३२ गुंठ्यांतच का संपली?

आमच्या बचत गटाच्या फवारणी ड्रोनबद्दल तुम्ही नेहमी विचारता. आज त्याची एक फजिती सांगणार आहोत.

आमचा हिशोब साधा. टाकी १० लिटरची, फवारणी एकरी १० लिटर, म्हणजे एका टाकीत ४० गुंठे. त्या दिवशी गावातल्या एका काकूंच्या तुरीवर फवारणी चालू होती. ३२ गुंठे झाले आणि टाकी रिकामी! टॅबलेट मात्र म्हणे, आठच लिटर गेलं. गळती असेल म्हणून नळ्या, नोझल सगळं चाचपलं. कुठे थेंब नाही.

मग आठवलं. आठवड्यापूर्वी पाणी मोजणारा फ्लो सेन्सर बिघडला होता. मेकॅनिकने नवा बसवला, वायरी जोडल्या, ड्रोन उडाला. जोडलं म्हणजे झालं, असं त्यालाही वाटलं आणि आम्हालाही.

या सेन्सरमध्ये एक छोटं चाक असतं. पाणी वाहिलं की ते फिरतं आणि वायरीतून ठोके जातात. लिटर म्हणजे काय, ते त्या बिचाऱ्याला माहीत नसतं. किती ठोक्यांचा एक लिटर, हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये आपण भरायचा असतो. जुन्या सेन्सरचे लिटरला ५०० ठोके, नव्याचे ४००. सॉफ्टवेअर ५००नेच भागत बसलं. २००० ठोके आले की ते म्हणणार चार लिटर, प्रत्यक्षात गेलं पाच. कमी जातंय असं समजून पंपही जास्त पळवत होतं. एकरी साडेबारा लिटर पडलं! निंबोळी तेल होतं म्हणून निभावलं. तणनाशक असतं, तर कोणाच्या शेतात काय तोंड दाखवलं असतं?

घरी येऊन आधी पंखे काढले. टाकी धुऊन साधं पाणी भरलं, नोझलखाली खुणा केलेल्या बादल्या ठेवल्या. टॅबलेटवर चार लिटर दिसताच पंप बंद. बादल्यांत भरलं पाच. ५०० गुणिले चार, भागिले पाच, झाले ४००. शाळेतलं त्रैराशिकच!

पण आकडा बदलायला पासवर्ड लागतो, आणि तो मेकॅनिककडे. "तुम्हाला कशाला हवा?" म्हणाला. ड्रोन आमचा, कर्जाचा हप्ता आमचा, शेतात बोलणी खायची आम्ही! तीन फोन झाले, तेव्हा आला. आकडा आमच्यासमोर बदलून घेतला, पासवर्ड गटाच्या वहीत लिहून घेतला.

दुसरे भाग बदलले तरी असंच असतं. कोणती मोटर कुठे आहे, कोणत्या बाजूला फिरते, हे सॉफ्टवेअरशी जुळावं लागतं. होकायंत्र बदललं तर ड्रोन सगळ्या बाजूंनी फिरवून त्याला दिशा पुन्हा शिकवाव्या लागतात. अर्डुपायलट नावाचं एक खुलं सॉफ्टवेअर आहे. त्यात होकायंत्र जुळवलेलं नसेल, तर तपासणी चालू असताना मोटरच सुरू होत नाहीत. ते बरं. पाणी मोजणारा सेन्सर असा अडून बसत नाही, गुपचूप चुकीचं मोजत राहतो. म्हणून नवा भाग बसला की आम्ही आधी बादली मागवतो, मग मेकॅनिकला चहा.

काकूंच्या त्या फवारणीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. उरलेले आठ गुंठे दुसऱ्या दिवशी मारून दिले. टाकीच्या झाकणावर आता तेलरंगाने ४०० लिहिलंय.