हिंसेला हद्द नाही, मग मोहिमेला का?

(नगर जिल्ह्यातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा पंधरवडा आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. मोर्चा, पथनाट्य, शपथ, पोस्टर. हा दिवस आला कुठून? १९६० साली डॉमिनिकन रिपब्लिक या छोट्याशा देशात हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी मिराबाल भगिनींपैकी तिघींना ठार केले. १९८१ साली बोगोटा शहरात जमलेल्या लॅटिन अमेरिकेतल्या स्त्रीवाद्यांनी त्यांची आठवण म्हणून २५ नोव्हेंबर हा दिवस ठरवला. १९९१ पासून सोळा दिवसांची मोहीम सुरू झाली आणि १९९९ साली संयुक्त राष्ट्रसंघाने या दिवसाला मान्यता दिली. म्हणजे सरकारांच्या आधी बायांनी तो देशोदेशी पोचवला होता.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांत नोव्हेंबरच्या शेवटी कोण असते? म्हातारी माणसे, काही पोरे आणि कुलूप लावलेली घरे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. आणि त्याच वेळी कोपरगाव, राहाता, संगमनेरच्या उसात बाहेरच्या जिल्ह्यांतल्या टोळ्या येऊन उतरतात. सहकारी साखर कारखानदारी ज्या प्रवरानगरला १९५० साली सुरू झाली, तो हाच जिल्हा. इथून बाया जातातही आणि इथे येतातही. म्हणून माझे म्हणणे असे, की सीमेपलीकडची हिंसा म्हटले की फक्त परदेश डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या बाईची सीमा गावच्या वेशीपासूनच सुरू होते.

तळावरची हिंसा वेगळी का, ते समजून घेऊ. तिथे मजूर म्हणजे माणूस नव्हे, 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल त्या जोडीवर असते. बाई मार खाऊन माहेरी निघाली तर कोयता मोडतो, खाडा पडतो, उचल अंगावर राहते. म्हणजे नवऱ्याबरोबर मुकादमही तिची वाट अडवतो. याच हिशेबाने पोरींची लग्ने उरकली जातात, कारण जोडी झाली की उचल वाढते. अशा लग्नाला लोकांनी 'गेटकेन' असे नावच पाडले आहे! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर बायांपैकी जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीत सुट्टी घेतली तर मजुरी बुडते, हे त्यामागचे एक कारण. याला हिंसा म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

दुसऱ्यांच्या मोहिमांतून काय घेता येईल? २००८ साली आपल्या देशात 'बेल बजाओ' मोहीम निघाली. शेजारच्या घरात मारहाण ऐकू आली तर जाऊन घंटी वाजवा, एवढे साधे सांगणे. ती पुढे इतर देशांतही गेली. पण खोपीला ना दार, ना घंटी. मग तिथे काय करायचे? शेजारच्या खोपीतल्या बायांनी ताटली-पातेले वाजवून एकत्र यायचे, हे निघण्याआधीच ठरवता येते. २००४ साली दक्षिण आशियातल्या सहा देशांत 'वुई कॅन' मोहीम झाली. एकाने दहा जणांशी बोलायचे, ही तिची रीत. एका टोळीत तेवढी माणसे सहज असतात. टोळी म्हणजे आपले तयार मंडळच आहे, फक्त आजवर ते मुकादमाच्या हाती आहे.

तेव्हा कामाची विभागणी अशी सुचवते. पहिला टप्पा निघण्याआधी, भादव्यात. बारा ते अठरा वयाच्या मुलींची गाववार यादी करा. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची जबाबदारी आहे, ती ग्रामसभेत सगळ्यांसमोर विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी वसतिगृहे काढण्याची संत भगवानबाबा योजना २०२१ साली जाहीर झाली. आपल्या तालुक्यातले मुलींचे वसतिगृह टोळ्या निघण्याआधी उघडते का, हे पाहणे म्हणजेच हिंसा रोखणे. मुलगी मागे सुरक्षित राहिली, तर आईबापांना तिच्या लग्नाची घाई राहत नाही.

दुसरा टप्पा तळावर. ज्या कारखान्याला टोळी जाते, तिथल्या एका तरी महिला मंडळाचे नाव आणि फोन बायांच्या हाती द्या. कर्नाटकात जात असतील तर कन्नड बोलणारी मैत्रीण शोधा. आणि इकडे आलेल्या टोळ्यांसाठी ती मैत्रीण आपण व्हा.

तिसरा टप्पा कायद्याचा. "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी पोलीस ठाण्यात ऐकले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने खबर नोंदवायचीच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही दाद मागता येते. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सासरच्या छळाची तक्रार बाईने आसरा घेतला त्या ठिकाणीही करता येते. छेडछाड मालकाकडूनच झाली तर जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक समिती आहे. ही चार वाक्ये कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक टोळीतल्या एका बाईच्या पिशवीत जाऊ द्या. सोबत ११२, १८१ आणि १०९८ हे क्रमांक.

हे सगळे करून उचल फिटणार नाही, हे मला ठाऊक आहे. मजुरीचा दर, बाईच्या नावावर स्वतंत्र मजुरी, पाळी-बाळंतपणातली रजा, हे लढे वेगळे लढावेच लागतील. पण तोवर एखादी बाई रात्री खोपीतून बाहेर पडली, तर तिने कुठे जायचे, याचे उत्तर आपल्याकडे हवे.

या वर्षीच्या २५ नोव्हेंबरला मोर्चा जरूर काढू. फक्त तो तहसील कचेरीवर थांबायला नको. तिथून पुढे, संध्याकाळी चुली पेटतात तेव्हा, जवळच्या तळावर जाऊ. बाया तिथे आहेत.