किंकाळी, चीख आणि 'स्क्रीम'

(विद्यार्थी व पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मुलांच्या वह्या उघडून पाहा. 'शाउट', 'येल', 'स्क्रीम', 'श्रीक', 'स्क्रीच' या पाच इंग्रजी क्रियापदांपुढे बहुधा एकच अर्थ लिहिलेला दिसेल : 'ओरडणे', नाहीतर 'चिल्लाना'. पाच शब्द पाठ झाले, हाती मात्र एकच अर्थ आला.

यात एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. आपल्या नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. तेथील कामकाज इंग्रजीत चालते. म्हणून खालच्या कोर्टातील मराठी जबानीचे भाषांतर करावे लागते. समजा, साक्षीदार म्हणाला, "आतून बाईची किंकाळी ऐकू आली." भाषांतरकाराने 'शाउट' लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटेल, बाई रागावली असेल किंवा तिने कुणाला हाक मारली असेल. 'श्रीक' लिहिले, तर तिच्या जिवाचा थरकाप कागदावर उमटेल. शब्दाची निवड ही केवळ परीक्षेतील गुणांची बाब नव्हे, ती न्यायाचीही बाब आहे.

आता फरक पाहू. 'शाउट' म्हणजे मोठ्याने बोलणे. त्यात बहुधा शब्द असतात. 'स्क्रीम' म्हणजे भीतीने, वेदनेने, कधी आनंदानेही किंचाळणे. 'श्रीक' त्याहून तीक्ष्ण आणि अचानक; ती आपली किंकाळी. 'स्क्रीच'मध्ये कर्कशपणा आहे : करकचून लावलेला ब्रेक 'स्क्रीच' करतो. गव्हाणी घुबड घूत्कार न करता कर्कश ओरडते, म्हणून इंग्लंडात त्याचे एक जुने नाव 'स्क्रीच आउल' असे आहे. झोक्यावरची मुले आनंदाने चीत्कारतात, ते 'स्क्वील'. उंदराचा किंवा बिजागरीचा बारीक, तुटक आवाज तो 'स्क्वीक'. दगड लागलेले कुत्रे केकाटते, ते 'येल्प'. आणि चढत-उतरत लांबत जाणारा शोक, म्हणजे मराठीतील टाहो, उर्दूतील बैन, तो 'वेल'. ॲम्ब्युलन्सच्या सायरनलाही इंग्रजी हेच क्रियापद लावते.

एक गंमत लक्षात घ्या. स्क्रीम, श्रीक, स्क्रीच, स्क्वील, स्क्वीक या साऱ्यांत 'ई' आहे. आपल्या 'चीख'मध्ये, 'चीत्कारा'त आणि 'चीं चीं'मध्येही तोच स्वर आहे. 'ई' उच्चारताना जीभ पुढे वर उचलली जाते, तिच्यापुढची तोंडातील जागा लहान होते आणि स्वर बारीक वाटतो. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषापंडिताने १९२२ साली या स्वराचे लहान व बारीक वस्तूंशी असलेले नाते उदाहरणांनिशी दाखविले. तेव्हा हे शब्द अगदीच परके नाहीत. अर्धी ओळख कानच करून देतात.

पण प्रत्येक भाषेचा कान वेगळा, हेही विसरू नका. मोर ओरडला की इंग्रज म्हणतो, मोराने 'स्क्रीम' केले. मराठी म्हणते, मोराने केकारव केला. मोरोपंतांनी तर आपल्या ईश्वरप्रार्थनेच्या काव्याला 'केकावली' हे नाव दिले. आवाज एकच, एकाला त्यात किंचाळी ऐकू आली, दुसऱ्याला आर्जव. हत्तीच्या आवाजाला इंग्रजी तुतारीची उपमा देते, उर्दूत मात्र हत्ती चिंघाडतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात उर्दू, बाजारात हिंदी, कचेरीत मराठी आणि पुस्तकात इंग्रजी असते. लोक याला ओझे समजतात. मी याला भांडवल म्हणतो. मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली तयार केला, त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली निघाली. मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून प्रसिद्ध झाला. म्हणजे या दोन्ही वाटांवरचे पूल आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीवर बांधले गेले. त्यांवरून चालायचे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एक वही करा. इंग्रजी शब्दापुढे उर्दू आणि मराठी, दोन्ही शब्द लिहा आणि तीन प्रश्नांची उत्तरे द्या : आवाज कोणाचा? कशामुळे? किती वेळ टिकणारा? उत्तर सापडेना, तर आजीला विचारा. तिला इंग्रजी येत नसेल, पण चीख, चिंघाड आणि बैन यांतला फरक ती तुम्हाला सांगेल. पालकांनो, घरची भाषा मुलांच्या इंग्रजीच्या आड येते, ही समजूत मनातून काढून टाका. ज्याला आपल्या भाषेत नेमके ऐकू येते, तोच दुसऱ्या भाषेत नेमके बोलू शकतो.