जंतूंची नोंद होती, बाईची नव्हती

(महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी संशोधक नाही. लस तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तीस वर्षं तंत्रज्ञ होते. आमच्या विभागात डांग्या खोकल्याचे जंतू वाढवले जात. बाळाला दीड महिन्याचं झाल्यावर जी लस टोचतात, तिच्यातला हा एक भाग.

हा जंतू मोठा नखरेल. साध्या खाद्यावर वाढत नाही. त्याला रक्त किंवा कोळशाची पूड घातलेलं खाद्य लागतं आणि ३५-३६ अंशांची ऊब लागते. आम्ही दर तासाला तापमान पाहून नोंदवहीत लिहायचो. पुरेशी वाढ झाली की जंतू मारायचे आणि मेलेल्या जंतूंची लस करायची. मग प्रत्येक बॅचची उंदरांवर परीक्षा. या परीक्षेचं नाव ‘केंड्रिक टेस्ट’. रोज तोंडात असलेलं हे नाव एका बाईचं आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं! तोवर मी कुणीतरी दाढीवाले साहेब डोळ्यांपुढे आणत होते.

पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या आरोग्य खात्यात काम करत. दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला झालेला. १९३२ साली ग्रँड रॅपिड्स गावात साथ आली. मंदीचे दिवस, पैसा नाही. प्रयोगशाळेतलं काम आटोपून या दोघी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात घरोघर जायच्या. खोकणाऱ्या पोराच्या तोंडापुढे खाद्याची बशी धरायची, तो तिच्यावर खोकला की जंतू मिळाले. १९३४ मध्ये त्यांनी चाचणी सुरू केली. पहिल्या टप्प्यात लस दिलेल्या ७१२ मुलांपैकी ४ जणांना खोकला झाला, न दिलेल्या ८८० पैकी ४५ जणांना. पुढे त्यांच्याकडे लोनी गॉर्डन ही कृष्णवर्णीय तरुणी आली. आहारतज्ज्ञ म्हणून तिला कुणी नोकरी देईना, कारण गोरे आचारी काळ्या बाईच्या हाताखाली काम करणार नाहीत! तिने हजारो बशा तपासल्या आणि लस सुधारायला मोठा हातभार लावला.

हे ऐकून अभिमान वाटतो ना? मलाही वाटला. पण आता दुसरी गोष्ट ऐका.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी जायला लागली. ऊबदार खोलीत नोंद घेताना एकदम छातीतून वाफ उठायची, मान-तोंड लाल, ब्लाउज घामाने चिंब. पाच मिनिटांत सगळं शांत आणि मग हुडहुडी. रात्री तीन-तीनदा जाग. साहेबांना काय सांगणार? फ्लास्कचं तापमान अर्ध्या अंशाने हललं तर धावपळ व्हायची. माझं कितीही हललं तरी लिहायला रकाना नव्हता.

आमच्याकडे बाटल्या धुणारी एक बाई होती. चौतीस वर्षांची. अंगावरून फार जायचं. डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढा. तिने मला विचारलं. मी म्हटलं, “काढून टाक एकदाची, कटकट जाईल.” तिच्या पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले. बीजकोश काढले की पाळी हळूहळू जात नाही, एका दिवसात जाते. पस्तिशीतच तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. पुढे नळाशी घसरली आणि मनगट मोडलं. या वयात बीजकोश गेले की हाडं ठिसूळ होऊ शकतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी विज्ञानाची पदवीधर, पण मलाही ते ठाऊक नव्हतं. माझं ते एक वाक्य अजून मला टोचतं.

या वाफा येतात तरी कुठून? नेओमी रान्स या अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञ मृत्यूनंतर मेंदू तपासत. पाळी गेलेल्या बायकांच्या मेंदूत तळाशी काही पेशी सुजल्यासारख्या मोठ्या झालेल्या त्यांना दिसल्या. हे १९९० साली छापून आलं. इस्ट्रोजेन कमी झालं की या पेशींवरचा लगाम सुटतो. त्या शेजारच्या तापमान राखणाऱ्या केंद्राला खोटी वर्दी देतात, की अंग फार तापलंय. मग शरीर घाम काढून ते थंड करायला धावतं. म्हणजे हा ‘मनाचा खेळ’ नाही, बायांनो! या पेशींचा निरोप अडवणारं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं २०२३ साली. मध्ये तेहेतीस वर्षं गेली. त्या औषधाने क्वचित यकृताला इजा होते, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला.

तोवर उपाय होता संप्रेरकांच्या गोळ्यांचा. २००२ मध्ये १६,६०८ बायकांवरची मोठी चाचणी मध्येच थांबवली. बातमी आली, ‘स्तनांचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला’. हिशोब मांडला तर दर दहा हजार बायकांमागे वर्षाला आठ जणी जास्त. शिवाय चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि घाबरल्या पन्नाशीतल्या. गोळ्या घ्या असं मी म्हणत नाही. टाळा असंही नाही. पूर्ण आकडा मागा, एवढंच म्हणते.

आकडे आपल्या दारातही आहेत. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड कापतो, मग पाळीच नको! ज्यांची पिशवी गेली त्यांचं पुढे काय झालं, हे दरवर्षी विचारणारी नोंदवही कुणाकडे आहे?

केंड्रिक-एल्डरिंगबाईंनी सुरुवात केली ती घरोघर जाऊन विचारण्यापासून. ते आपल्यालाही येतं. आपल्या मंडळाची एक वही करू या. वाफा कधी आल्या, झोप किती झाली, पिशवी कोणत्या वयात काढली, बीजकोश ठेवले का, डॉक्टरांनी आधी काय सांगितलं, हे सगळं लिहू या. आणि पिशवी काढायला निघालेली बाई दिसली तर तिला माझ्यासारखं ‘काढून टाक’ म्हणू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि विचारा, दुसरा उपाय आहे का, बीजकोश राखता येतील का?

वहीतलं पहिलं पान मी भरून आणलंय. दुसरं त्या बाटल्या धुणाऱ्या मैत्रिणीचं आहे. तिला विचारूनच लिहिलंय.