गायरानाच्या दोन आठवणी

(लातूर येथे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



गावाचा इतिहास लिहावयास बसलो की आपण गढी, देऊळ आणि वेस यांकडे वळतो. गायरानाकडे सहसा कुणी वळत नाही. वस्तुतः लातूर-नांदेडकडील जुन्या माणसांना बोलते केले, तर जमिनीचा तंटा आणि गुरांचा रोग या दोन आठवणी हमखास निघतात, आणि दोन्ही गायरानावर येऊन भेटतात.

हा मुलूख देवणी आणि लाल कंधारी गुरांचा. वानेरा, बालंक्या, शेवरा हे देवणीचे प्रकार येथील शेतकरी रंगावरून दुरून ओळखतो. त्याच्या तोंडी बुळकांडीचे नाव आजही आवाज खाली आणून येते. ताप, तोंडात व्रण, दुर्गंधीयुक्त हगवण आणि थोड्याच दिवसांत रिकामा गोठा! साऱ्या गावची गुरे एकाच गायरानात चरत, एकाच पाणवठ्यावर पाणी पीत. रोगास आणखी काय हवे होते? साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला जाई आणि लस टोचणारा आला की गुरे रानात दडवली जात. त्या माणसांना अडाणी म्हणणे सोपे आहे. ज्याची सारी पुंजी एक बैलजोडी, त्याने परक्या सुईला भ्यावे यात मला नवल वाटत नाही. १९५४ मध्ये राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, १९९५ नंतर देशात हा रोग आढळला नाही आणि २०११ मध्ये तो जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाने समूळ नष्ट केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग होय.

परंतु मेलेली गुरे ओढून नेली कुणी? गावकीच्या रूढीने ते काम महारांच्या माथी होते. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले आणि पुढे हे कामच नाकारण्याची हाक गावोगाव पोहोचली. ज्यांनी नकार दिला त्यांच्या वाट्याला बहिष्कार आला. ‘बॉयकॉट’ हा शब्द आयर्लंडमधील एका जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या नावावरून, १८८० मध्ये रूढ झाला. तिकडे कुळांनी बळवंतावर बहिष्कार टाकला. आमच्याकडे बळवंतांनी दुबळ्यांवर. हा फरक विसरता येत नाही.

हैदराबाद संस्थानात १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. पण जो कूळही नव्हता, निव्वळ सालगडी होता, त्याच्या हाती त्यातून काय पडले? तो गायरानाकडे वळला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये व पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा पुरावा म्हणून काय उपयोगी पडावे? गाव नमुना १-ई मधील अतिक्रमणाची नोंद आणि दंड भरल्याची पावती! गुन्ह्याचा कागद हक्काचा कागद ठरला. ज्यांनी पावती फेकून दिली किंवा ज्यांना ती मिळालीच नाही, त्यांच्याजवळ उरली ती केवळ म्हाताऱ्यांची साक्ष. त्यात उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात, नंतर उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातुरात. जुने दप्तर बहुतांशी उर्दूत. कागद शोधावा तरी कुठे?

गुराख्याचे गाऱ्हाणेही खोटे नाही. चराई आटली, जनावरे कमी झाली, हे तो पोटतिडकीने सांगतो. मात्र गायरान भूमिहीनानेच खाल्ले, असा जो सूर लागतो तो मला मान्य नाही. लगतच्या बड्या शेतांचे बांधही कित्येक ठिकाणी आत सरकले आहेत. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग आला, गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हा मृत गायीस ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार रुपये साहाय्य ठरले. त्या वर्षी गोठ्यातली जुनी माणसे पुन्हा बुळकांडीविषयी बोलू लागली.

तेव्हा ऐकून घेणारे थोडेच होते. आपल्यापैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी या उन्हाळ्यात आपापल्या गावी जावे, गायरानाचा गट क्रमांक विचारावा, आणि गुराखी व कसणारा या दोघांनाही, शक्यतो वेगवेगळे बसवून, ऐकावे. एकत्र बसवले की दोघेही गप्प राहतात, असा माझा अनुभव आहे.