आधी रिकामी कबर, मग स्वर्ग



पत्रिकेत माझा विषय ‘संडे स्कूल : काल आणि आज’ असा छापला आहे. त्यातला ‘काल’ आपल्या सगळ्यांना पाठ आहे. 1780 साल, इंग्लंडमधलं ग्लॉस्टर, रॉबर्ट रेक्स, आठवडाभर कामाला जुंपलेली पोरं आणि रविवारी त्यांना अक्षरओळख. दर वर्धापनदिनाला आपण हे ऐकतो, म्हणून मी ते पुन्हा सांगत बसत नाही. मला ‘आज’बद्दल बोलायचं आहे आणि त्यातलीही एकच गोष्ट सांगायची आहे. आपण मुलांना स्वर्ग शिकवतो, पुनरुत्थान शिकवत नाही.

मागून कुणीतरी विचारलं, ‘मग ईस्टरला काय करतो?’ बरं झालं विचारलंत. आपलं वर्ष डोळ्यांपुढे आणा. उपवासकाळाचे चाळीस दिवस. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन सात उद्गारांवर सात प्रवचनं, आणि मुलं आईच्या मांडीवर पेंगत का होईना, तीन तास बसतात. मग ईस्टरची पहाट, प्रभातफेरी, रंगवलेली अंडी, केक. त्यानंतर परीक्षा, नाहीतर सुट्टी. मुलं मामाच्या गावाला जातात आणि संडे स्कूल थेट जूनमध्ये उघडतं. पेन्टेकॉस्टपर्यंतचे पन्नास दिवस मंडळीनं पुनरुत्थानाला दिले आहेत. मुलांच्या वाट्याला त्यातला एक रविवार येतो, तोही घाईचा.

ही रिकामी जागा मग दुसरंच काही भरून काढतं. ढग, पांढरे झगे, पंख, सोन्याचे रस्ते. घरात कुणी गेलं की ‘आजी तारा झाली’, ‘देवाला चांगली फुलं आवडतात म्हणून त्यानं बाळाला नेलं’. हे प्रेमानं बोललं जातं, मला ठाऊक आहे. पण आपल्या मुलीनं रात्री अंथरुणात विचार केला की, मीही चांगली आहे, मग मलाही नेईल, तर तिला काय सांगणार? फुलं खुडत फिरणारा देव माझ्या पवित्र शास्त्रात मला कुठे सापडत नाही. लाजराच्या कबरेपाशी रडणारा येशू सापडतो. पौल करिंथकरांना लिहितो तेव्हा मृत्यूला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. मुलांना हे कळतं. मेलेलं मांजर पाहिलेल्या कुठल्याही मुलाला मृत्यू वाईट आहे हे सांगावं लागत नाही. आपणच गोड बोलून त्याचा गोंधळ करतो.

1948 साली मारिया नॉज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या 378 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अगदी लहान मुलांना मृत्यू प्रवासासारखा किंवा झोपेसारखा वाटत होता. गेलेला माणूस कुठेतरी थोडाबहुत जगतोच आहे, असं ती धरून चालत. ‘आजोबा देवाकडे गेले’ एवढंच सांगून आपण थांबलो, तर चार वर्षांचं पोर दारात वाट बघत बसेल, कारण गेलेली माणसं परत येतात हेच त्याला ठाऊक असतं.

तिसऱ्या रांगेत मान हलली. ‘पण प्रभू स्वतःच म्हणाला ना, मुलगी मेली नाही, झोपली आहे?’ म्हणाला, खरंच. याईराच्या घरी म्हणाला. आणि लगेच आत जाऊन, हात धरून त्यानं तिला उठवलं. ज्याला उठवता येतं त्याच्या तोंडी ते शोभतं. आपण म्हणतो आणि त्याच रात्री मुलाला सांगतो, ‘चल, झोप आता.’ शिवाय ती गोष्ट शिकवताना तिचा शेवट गाळू नका. बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागते आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. पुनरुत्थानाची चाहूल मुलांना मला इथूनच द्यावीशी वाटते. जेवणापासून.

आता एक प्रसंग सांगते. थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं, पण जमेलसं दिसत नाही.

माझ्या वर्गात आठेक वर्षांचा एक मुलगा होता. मधुमेहानं त्याच्या आजोबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि पुढे वर्षभरात ते वारले. एका रविवारी त्यानं विचारलं, ‘स्वर्गात आजोबांना पाय असेल?’ माझ्या काही बोलण्याआधी एक मुलगी ठामपणे म्हणाली, ‘नसेल. येशूच्या हाताला भोकं राहिली होती. थोमानं बघितली.’ वर्गाचे दोन तट पडले. एक म्हणे, खुणा राहतात म्हणजे पाय नाही. दुसरा म्हणे, मग आंधळ्याला दिसणारच नाही का? मी फ्लॅनेलचा फळा बाजूला ठेवला आणि योहानाचं शुभवर्तमान उघडून विसावा अध्याय त्यांच्याकडूनच वाचून घेतला. मरीयेला येशू माळी वाटतो आणि त्यानं नावानं हाक मारल्यावर ती ओळखते. पुढच्या अध्यायात तो किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव करतो, मासे भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना न्याहारीला बोलावतो. मुलांनी सगळं तपासलं. खुणा आहेत, पण दुखतात असं कुठे लिहिलेलं नाही. तो चालतो, विस्तव पेटवतो, लूकाच्या शुभवर्तमानात तर सगळ्यांसमोर मासा खातो. तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘मग आजोबा चालतील.’ मी म्हटलं, ‘हो, चालतील.’

पुढच्या रविवारी त्याची आजी मला भेटायला आली. आजोबांच्या चपला तिनं खाटेखाली ठेवल्या होत्या. उजवीची टाच झिजून पार पातळ झालेली, डावी जवळजवळ कोरी. ती त्या कुणाला तरी द्यायला निघाली, तर नातू आडवा आला. ‘बाई, ह्याला काय शिकवलंत?’ तिनं विचारलं. रागानं नाही, पण विचारलं. मी तिला सांगितलं, विश्वासांगीकारात आपण दर रविवारी जे म्हणतो तेच शिकवलं. शरीराचं पुनरुत्थान. आजी बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, ‘एवढी वर्षं म्हणते आहे, पण ह्यांच्या पायापर्यंत कधी नेलं नव्हतं.’

हाच माझा मुद्दा आहे. तो मी शोधून काढलेला नाही. धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमान यांनी 1955 साली हार्वर्डच्या व्याख्यानात ग्रीकांचं आत्म्याचं अमरत्व आणि नव्या करारातली पुनरुत्थानाची आशा या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचं मांडलं. बिशप टॉम राइट यांनी 2008च्या पुस्तकात तेच सोप्या भाषेत सांगितलं. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते. सोन्याचा रस्ता आहेच, पण तो नव्या पृथ्वीवर. स्वर्ग मी नाकारत नाही, पाळकसाहेब. विश्वासात गेलेले प्रभूजवळ आहेत, हे मी मुलांना सांगते. पण ती वाट पाहण्याची जागा आहे. पुढचं सांगायचं राहिलं, तर गोष्ट अर्ध्यावर सुटते.

शाळेतल्या मैत्रिणींकडून ऐकून एका मुलीनं विचारलं होतं, ‘म्हणजे पुनर्जन्मच ना?’ तिला म्हटलं, पुनर्जन्मात आधीचं नाव मागे राहतं. मरीयेला तर तिच्याच नावानं हाक मारली गेली आणि हाक मारणारा तोच होता, त्याच हातांचा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग मधली दोन पानं सोडते.

दहनाचा प्रश्न मात्र सोडता येणार नाही, कारण मुलं तो हमखास विचारतात. ‘जाळल्यावर कसं उठणार?’ आपल्या रेव्हरंड टिळकांचं उदाहरण समोर आहे. 1919च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. त्यांची पुनरुत्थानावरची श्रद्धा कमी होती असं कोण म्हणेल? कॅथलिक मंडळीनंही 1963 मध्ये दहनाला मोकळीक दिली. आणि फार मागे जायचं, तर सन 177. गॉलमधल्या ल्यों शहरात ख्रिस्ती लोकांना ठार करून त्यांची शरीरं जाळली आणि राख ऱ्होन नदीत टाकली. यांना उठायची आशाच उरू नये, म्हणून मुद्दाम. मंडळीनं हे सगळं लिहून कळवलं, ते पत्र इतिहासकार युसेबियसनं जपून ठेवलं आहे. तिथली मंडळी त्यानं संपली नाही. पौलानं बीजाचा दाखला दिला आहे, तो मुलांना द्या आणि कुंडीत पावटा लावून द्या. मातीतून जे वर येतं ते पेरलेल्या दाण्यासारखं दिसत नाही, पण त्याच दाण्याचं असतं.

आता शिक्षक मंडळींना विनंती. जूनची वाट पाहू नका. सुट्टीत गावात राहिलेली दहा मुलं मिळाली तरी चालतील. त्यांना सकाळच्या उजेडात दफनभूमीत न्या, खराटे आणि पाणी बरोबर घ्या. आपापल्या माणसांच्या कबरी त्यांना झाडू द्या, दगडावरची नावं मोठ्यानं वाचू द्या आणि तिथेच योहानाचा विसावा अध्याय वाचा. मुलं घाबरतील असं पालक म्हणतील, तर पालकांनाही बोलवा. रडणाऱ्याला रडू द्या, मरीयाही कबरेपाशी रडत होती. परत आल्यावर सगळ्यांना पोटभर न्याहारी द्या, शक्य तर मासे.

अध्यक्षमहाराज, वेळ संपली. तिसऱ्या रांगेतल्या ताईंचं समाधान झालेलं दिसत नाही. त्यांचा प्रश्न आधी घेऊ या.