फुलवालीचे उच्चार आणि आपले

काही चित्रपट गाण्यांसाठी पुन्हापुन्हा पाहावेसे वाटतात. १९६४ सालचा 'माय फेअर लेडी' त्यातलाच. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर, प्रमुख भूमिकांत रेक्स हॅरिसन आणि ऑड्री हेपबर्न. आठ ऑस्कर पुरस्कार मिळालेला हा चित्रपट मी नुकताच लातूरला घरी बसून पुन्हा पाहिला. पूर्वी गाण्यांवर आणि झगमगाटावर खूश होतो. या वेळी कान भाषेकडे लागले.

गोष्ट आपल्याला परकी नाही. बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकावरून हा चित्रपट आला, आणि त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' १९७५ मध्ये रंगभूमीवर आली. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली, ते ती विसरलेले नाहीत. लंडनची एलायझा रस्त्यावर फुलं विकते. तिचे गावंढळ उच्चार ऐकून प्राध्यापक हिगिन्स पैज मारतात, की सहा महिन्यांत हिला बड्या घरची बाई म्हणून खपवून दाखवतो.

हे पाहताना आपल्याकडच्या माणसाचं हसू जरा अडखळतं. नांदेड-लातूरकडे आपण 'काय करायलास?' असं सहज विचारतो. 'लातूर पॅटर्न'मध्ये भरघोस गुण मिळवून पुण्याला गेलेलं पोर हेच वाक्य बोलतं आणि सोबतची मुलं हसतात. मग ते पोर बोलायचंच कमी करतं. आधीच्या पिढीला तर दोन परीक्षा द्याव्या लागल्या. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. १९४८ मध्ये ते राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि समोर कित्ता आला तो पुण्या-मुंबईच्या मराठीचा. घरच्या बोलीला मान तिथेही नव्हता, इथेही नाही. मुकुंदराजांची अंबाजोगाई, जनाबाईंचं गंगाखेड, नामदेवांचं नर्सी याच मुलखातलं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ही नावं आपण अभिमानाने घेतली.

प्रमाणभाषा शिकूच नये, असं मला म्हणायचं नाही. एलायझा स्वतःच्या पायांनी हिगिन्सकडे येते. फुलांच्या दुकानात नोकरी हवी, म्हणून नीट बोलायला शिकायचंय. वर शिकवणीचे पैसेही देऊ करते. हिगिन्सची विद्या खरीच आहे. तिच्या तोंडात गोट्या घालून तो तिला बोलायला लावतो, 'ह'चा उच्चार जमावा म्हणून पेटत्या ज्योतीसमोर बसवतो. खोट आहे ती त्याच्या तुच्छतेत. मेजवानीत एलायझा जिंकते. एक उच्चारतज्ज्ञ तर तिला परदेशी राजकन्याच ठरवतो, कारण इतकं शुद्ध इंग्रजी इंग्रजांना कुठे येतं! घरी परतल्यावर मात्र हिगिन्स आणि कर्नल पिकरिंग एकमेकांचं कौतुक करत बसतात. ती कोपऱ्यात उभी. तिच्याकडे कुणाचं लक्षही नाही.

गंमत म्हणजे पडद्याबाहेरही तेच घडलं. आवाज घडवण्याच्या या गोष्टीत खुद्द हेपबर्नचा गाण्यातला आवाज बाजूला पडला. बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने म्हटली.

या खेपेला मनात राहिला तो एलायझाचा एक खुलासा. ती हिगिन्सच्या आईला सांगते, की बड्या घरची बाई आणि फुलवाली यांत फरक असतो तो तिला कसं वागवलं जातं याचा, आणि पिकरिंग मला नेहमी आदराने वागवतात. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. 'ए, तू' आणि 'अहो, तुम्ही' यांत किती अंतर असतं, ते आपण रोज अनुभवतो.

शेवट मात्र मला या वेळी रुचला नाही. एलायझा परत येते आणि हिगिन्स तिला आपल्या सपाता कुठे म्हणून विचारतो. शॉ यांना असा शेवट मान्य नव्हता. त्यांच्या नाटकातली एलायझा स्वतःची वाट धरते.

आपल्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. वर्गात एखादं पोर 'करायलाव' म्हणालं, तर त्याला 'करतो आहे' जरूर शिकवा. पण आधी त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या. हसणाऱ्या मुलांना गप्प करा आणि हेही सांगा, की घरी आईशी बोलताना 'करायलाव' हेच बरोबर आहे.