शाळेचा कारभारी आणि शेरेबुक
(विचुंबे, ता. पनवेल, येथें पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



मुलांच्या अभ्यासाविषयीं आम्ही वर्षभर बोलतोंच. आज बोलावयाचें आहे तें शाळेच्या कारभाऱ्याविषयीं, म्हणजे मुख्याध्यापकाविषयीं. त्याच्यावर देखरेख कोण ठेवतो, आणि त्याच्या अडचणीला कोण धांवतो? तुम्ही म्हणाल, मास्तरांच्या घरचें गाऱ्हाणें आमच्यापुढें कशाला? पण लोहाराचा भाता बंद पडला तर नांगर कुणाचा अडतो, हें तुम्हांला सांगावयास नको.

आपल्या भागाकडेच पहा. नवीन पनवेल वाढत वाढत दाराशीं आलें, भातशेतांत इमारती उभ्या राहिल्या. ज्याच्या गांठीं पैसा तो पोराला गाडींत बसवून इंग्रजी शाळेंत धाडतो. जिल्हा परिषदेच्या शाळेंत राहतात तीं बहुतेक शेतमजुरांचीं, सुतार-गवंड्यांचीं, पोटासाठीं बाहेरून आलेल्यांचीं मुलें. त्यांना दुसरी शाळा नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनला निवेदन दिलें, त्यांत तो स्वच्छ मांडलेला आहे. प्राथमिक शाळांवरील देखरेख सदोष व अपुरी आहे, डिपोटी वर्षांतून एकदां येऊन जातो त्यानें कांहीं साधत नाहीं, निदान तीन महिन्यांनीं तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देतांहि यावें, असें त्यांचें म्हणणें. वर्दी न देतां कां, तें जाणत्यांना ठाऊक आहे. वर्दी मिळाली कीं अंगण सारवलें जातें, पोरांच्या अंगावर धुतलेला सदरा चढतो, आणि साहेब पाहून जातो ती एका दिवसाची शाळा!

डिपोटींचा काळ गेला. १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या. १९९४ सालीं सरकारनें सुमारें दहा शाळांमागें एक केंद्रप्रमुख नेमावयाचें ठरविलें. त्याच्यावर विस्तार अधिकारी, पंचायत समितींत गटशिक्षणाधिकारी, आणि पेण ओलांडून अलिबागेस शिक्षणाधिकारी. शिडीला पायऱ्या पुष्कळ झाल्या. परंतु जागा रिकाम्या राहतात, एकाच केंद्रप्रमुखाच्या गळ्यांत दोन-दोन केंद्रें पडतात, आणि त्याचा दिवस शाळांकडून माहिती गोळा करण्यांत मावळतो.

इकडे मुख्याध्यापकाची गत काय? १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. त्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत दीडशेंहून अधिक मुलें असतील तर स्वतंत्र मुख्याध्यापक. साठ मुलांपर्यंत शिक्षक दोनच. म्हणजे वाडीवरच्या शाळेंत त्या दोघांतला एक दोन-तीन वर्ग शिकवितो आणि कार्यभारहि ओढतो. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, विजेचें बिल, संगणकावर भरावयाची माहिती, निवडणुकीचें काम, आणि वरून 'आजच्या आज सादर करा' हा निरोप. अध्यापक विद्यालयांत आम्हांला पाठ कसा घ्यावा हें शिकविलें. शाळा कशी चालवावी हें कुणी शिकविलें नाहीं. केस पिकूं लागले, कार्यभार आला!

आमचाच अनुभव सांगतों. गांवाचें नांव घेत नाहीं. शाळेचे पत्रे गळत होते. आम्हीं तीन अर्ज केले होते. भर पावसांत एक अधिकारी आले. त्यांनीं दप्तर तपासलें, तांदळाच्या नोंदवहींत एक रकाना कोरा सांपडला, आणि 'अभिलेख अद्ययावत ठेवावेत' असा शेरा मारला. शेरा लिहितांना वहीवर थेंब पडला तेव्हां त्यांनीं खुर्ची सरकवून घेतली. तिसरीचीं पोरें भिंतीला चिकटून उभीं होतीं. त्यांतल्या एकालाहि त्यांनीं वाचावयास सांगितलें नाहीं. चूक आमची होती, रकाना कोरा होताच. पण शेऱ्यानें ना पत्रे बदलले, ना पोरें वाचावयास लागलीं.

पुढें दुसरे गृहस्थ आले. ते दुसरीच्या मुलांत सतरंजीवर तासभर बसले. म्हणाले, "गुरुजी, ही पोरगी अक्षरें ओळखते, पण शब्द जोडीत नाहीं. उद्यां असें करून पहा." आणि स्वतः पाठ घेऊन दाखविला. आमचा अर्ज ते स्वतःच्या हातानें पंचायत समितींत घेऊन गेले. शेरा त्यांनींहि कडकच लिहिला, परंतु खालीं पुन्हां केव्हां येणार ती तारीख घातली, आणि त्या तारखेला आले. त्या उन्हाळ्यांत पत्रे बदलले.

सगळे मास्तर धुतल्या तांदळासारखे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. कामचुकारांना धाक हवाच. पण वर्षांतून एकदां धाक दाखविला म्हणून कामचुकार सुधारत नाहीं, आणि जो राबतो तो मात्र एकटा पडतो.

आतां तुमच्याकडे येतों. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश जागा आईबापांना दिल्या आहेत, आणि समितींत निम्म्या स्त्रिया हव्यात. बहुतेक ठिकाणीं ही समिती सह्या करण्यापुरती! मुख्याध्यापकाचा एकट्याचा अर्ज कपाटांत पडून राहतो. समितीनें ठराव करून अर्ज द्यावा, पोंच घ्यावी, पंधरा दिवसांनीं चारजणांनीं जाऊन विचारावें. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असेल तर तेंहि लिहून मागावें.

पुढच्या सभेला शेरेबुक मेजावर ठेवावयास सांगा. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं शाळेंतल्याच पोरीकडून वाचवून घ्यावें. साहेब शेवटचे केव्हां आले, कोणत्या वर्गांत किती वेळ बसले, काय देतों म्हणाले, आणि पुन्हां येण्याची तारीख घातली आहे कीं नाहीं, तेवढें पहा.